सीलोमीटर: दुपारचा इको कुठे जात होता ते सापडलं

सीलोमीटर म्हणजे लेसरचा पल्स वर सोडून ढगावरून परत येणाऱ्या प्रकाशावरून (इकोवरून) ढगाच्या तळाची उंची मोजणारं यंत्र. आमच्या गच्चीवरच्या यंत्रातला इको दुपारी गायब व्हायचा, त्याचं कारण शेवटी हाती लागलं. एपीडी (परतलेला प्रकाश पकडणारा संवेदक) ठणठणीत आहे, ड्रायव्हरही (लेसरला पल्स देणारं सर्किट) ठणठणीत आहे. उन्हात डब्बा तापला की लेसरची तरंगलांबी सरकते आणि एपीडीपुढचा, ठरावीक तरंगलांबीच सोडणारा आपलाच फिल्टर आपलाच प्रकाश अडवतो.

आधी आनंदाची गोष्ट. गेल्या वेळी लिहिलेली रिंगिंगची (पल्सनंतर सर्किटमध्ये उठणाऱ्या खोट्या लहरींची) भानगड मिटली. ड्रायव्हर बोर्ड पितळी पत्र्याच्या डबीत बंद केला, तिचं ग्राउंड एकाच जागी जोडलं, आणि पहिल्या शंभर मीटरमधला कचरा साफ झाला. त्यानंतर झड उघडली त्या सकाळी स्क्रीनवर ४.३ मायक्रोसेकंदांवर असा टोकदार इको उभा राहिला की मी गच्चीवरून खाली ओरडूनच सांगितलं. एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर (प्रकाश जाऊन परत येतो म्हणून निम्मे), म्हणजे तिरकं अंतर ६४५. यंत्र १२ अंश कललेलं आहे, म्हणून ०.९७८ ने गुणून उंची ६३० मीटर. त्या वेळी हवा २९ अंश, दवबिंदू २४. फरकाला १२५ ने गुणायचा ठोकताळा ६२५ मीटर सांगतो. कापसाच्या बोंडांसारखे सुटे ढग असताना हा ठोकताळा चांगला चालतो आणि त्या दिवशी आभाळ तसंच होतं. नागपूर विमानतळाचा मेटार (हवामान अहवाल) त्या तासाला २००० फूट (सुमारे ६१० मीटर) म्हणत होता. नागपूर इथून लांब आहे, म्हणून त्याला मी पुरावा धरत नाही, पण बरं वाटलंच.

यंत्र कललेलं का, असं काहींनी विचारलं होतं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, अक्षांश विशीच्या जरा वर. मेच्या आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. भिंग सरळ वर रोखलं तर ऊन एकवटून एपीडीवरच पडेल. मधल्या काळातही सूर्य उत्तरेकडे जेमतेम तीन अंश सरकतो, म्हणून तोंड उत्तरेला १२ अंश. पावसाचं पाणीही काचेवर थांबत नाही.

आता मूळ दुखणं. सकाळी इको झकास, अकरानंतर बारीक, बारा ते चार साफ गायब. वर ढग डोळ्यांनी दिसतोय आणि यंत्र आभाळ मोकळं म्हणतंय! पहिला संशय उजेडावर होता. भर दुपारी पार्श्वभूमीचा गोंगाट वाढतो हे खरंच, पण ५ किलोहर्ट्झने १६ सेकंद सरासरी घेतली की ८०,००० पल्स होतात आणि गोंगाट सुमारे २८० पटीने खाली बसतो. शिवाय दुपारचा गोंगाट हिशेबाने जेवढा हवा तेवढाच होता, म्हणजे रिसीव्हर जागा होता. एपीडीचं बायस (त्याला दिलेला व्होल्टेज) तापमानासोबत वाढवणारं सर्किट मागेच बसवलंय, दर अंशाला साधारण दीड व्होल्ट, तेही नीट चालत होतं. लेसरशेजारच्या, सुटणारा पल्स तपासणाऱ्या मॉनिटर फोटोडायोडवर पल्सही जवळपास तेवढाच. दोन्ही टोकं धडधाकट आणि मधून काहीच येत नाही!

उत्तर पावसानं दिलं. दुपारी दोनच्या सुमारास एक सर येऊन गेली, ऊन लगेच परत पडलं, आणि इको आला. उजेड तोच, ढग तेच, फक्त डब्बा गार झाला होता. ऊन तापू दिलं, इको गेला. मग ओलं फडकं डब्यावर टाकून बसलो. लेसरच्या ब्लॉकवरचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा) ५६ अंशांवरून उतरायला लागला आणि ४३ च्या आसपास ढगाचा उंचवटा गोंगाटातून हळूहळू वर आला. फडकं काढलं, गेला. टाकलं, आला.

हिशेब सरळ आहे. ९०५ नॅनोमीटरचा डायोड दर अंशाला सुमारे ०.२८ नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे सरकतो. २५ अंशांवर ९०५, तर ५६ वर ९१४ च्या आसपास. माझा फिल्टर ९०० ते ९१० एवढंच सोडतो. १०६४ नॅनोमीटरचे घन लेसर वापरणाऱ्या सीलोमीटरना हा ताप होत नाही, पण ते आपल्या खिशाबाहेर.

एक मत इथेच मांडतो. नुसता '९०५' छापलेला स्वस्त फिल्टर घेऊ नका. विक्रेता त्याचा आलेख देत नसेल तर पुढे जा. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात कनेक्टर, वायर, हीटसिंक सगळं हातात घेऊन बघता येतं, ऑप्टिक्सचं तसं नाही, तिथे आलेख हाच भरवसा.

उपाय म्हणून डब्ब्याला पांढरा रंग आणि वर हवेची फट सोडून पत्रा लावला. आता भर उन्हात ४५ राहतं, म्हणजे ९१०.६, अगदी फिल्टरच्या काठावर. पेल्टियर (विजेवर गार करणारी चकती) लावायचं ठरवलं होतं, पण लाईन गेली की सगळं बॅटरीवर, आणि झडीत गार भागावर दव धरणार. कुणीतरी फिल्टर तिरपा करायला सुचवलं होतं. तिरपा केला की त्यातून सुटणाऱ्या तरंगलांब्यांचा पट्टा आखूड तरंगलांबीकडे जातो, आणि आपल्याला हवाय लांबकडे.

पण हे लिहितानाच डोक्यात आलं: ९१५ चा फिल्टर घेतला तर? तो तिरपा करून खाली आणता येईल. आणि लेसर गार ठेवायच्या मागे लागण्यापेक्षा त्याचा तांब्याचा ब्लॉक रात्रंदिवस ५० अंशांवर धरून ठेवायचा. तापवायला एक रेझिस्टर आणि थोडे वॅट पुरतात. ५० वर लेसर ९१२ ला, आणि ९१५ चा फिल्टर साधारण ९ अंश कलला की तोही ९१२ ला. डायोडचं आयुष्य आणि ताकद थोडी कमी होईल, ती सरासरी वाढवून भरून काढू. ९१० च्या आसपास पाण्याची वाफ काही प्रकाश शोषते, पण सीएल३१ सारखी ९१० ची तयार सीलोमीटर यंत्रं त्यातच चालतात, आणि ढगाचा तळ शोधायला तेवढ्याने अडत नाही. मेमध्ये डब्बा ५० च्या वर गेला तर दुपारी यंत्र बंद, तेव्हा खालचे ढग असतात तरी किती!

शेजारच्या वावरातले काका रोज विचारतात, "ढग किती उच हाये थे सांगते तुयं यंत्र, पन पानी कवा येईन?" त्यांना सांगितलं, तळ तासातासाला खाली येताना दिसला तर फवारणी थांबवा. म्हणून दुपारची नोंद मला हवीच आहे, पऱ्हाटीवर फवारणी त्याच वेळी चालते.

तेव्हा पेल्टियर रद्द, ९१५ चा फिल्टर मागवतोय. भिंग एफ/२ आहे (नाभीय अंतर व्यासाच्या दुप्पट), म्हणजे फिल्टरवर किरण आधीच १४ अंशांपर्यंत तिरपे येतात. तो कलवण्याआधी पट्टा किती पसरेल हे कुणी मोजलं असेल तर आकडे टाका, नाहीतर मी फिल्टर भिंगापुढे, जिथे किरण समांतर येतात, बसवायची मोठी चौकट कापायला घेतो.