मार्नरला ठेवायचं की नाही

डायलिसिसला सुट्टी नसते. 19 मे 2025 चा सोमवार व्हिक्टोरिया डेचा होता, टोरंटोत सगळीकडे शुकशुकाट होता, पण आमच्या युनिटमधल्या सकाळच्या पाळीच्या खुर्च्या नेहमीच्या वेळेला भरल्या. आदल्या रात्री मेपल लीफ्स, म्हणजे टोरंटोचा आइस हॉकीचा संघ, फ्लोरिडा पँथर्सविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना 6-1 ने हरले होते, तेही घरच्या प्रेक्षकांसमोर. मालिकेत 2-0 अशी आघाडी घेऊन हरले. चिडलेल्या लोकांनी अंगातल्या जर्स्या काढून बर्फावर भिरकावल्या. आमच्याकडे भिरकावायला काही नव्हतं, फक्त तोंडं होती.

सोमवारवाल्यांची वजनं तशीही जास्त येतात. शुक्रवारनंतर थेट सोमवार, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात मोठं अंतर. मूत्रपिंडं बंद असलेल्या माणसाने प्यायलेलं पाणी कुठे जात नाही, अंगातच साठतं. त्यात रविवारी रात्री सातवा सामना, म्हणजे चिप्स, विंग्ज आणि बिअर. खारट खाल्लं की तहान, तहान लागली की पुन्हा ग्लास.

चार नंबरच्या खुर्चीवरचा ट्रकवाला काट्यावर उभा राहिला. कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं, 86 किलो, काटा म्हणाला 91.2.

‘दोनच बिअर घेतल्या,’ तो म्हणाला.

‘बादलीने?’ मी विचारलं.

हा माणूस दर खेपेला तासभर आधी सुटायचं बघतो. चार तास बसणं त्याच्या जिवावर येतं. त्या दिवशीही सुया टोचून होईपर्यंत त्याचं सुरू झालं : आज सुट्टी आहे, तीन तासांत मोकळं कर. मी त्याला हिशेब दाखवला. किलोमागे तासाला 13 मिलीलिटर, यापेक्षा वेगाने पाणी ओढलं तर हृदयावर ताण येतो, म्हणून आम्ही शक्यतो त्याच्या पुढे जात नाही. 86 किलोच्या माणसाचं चार तासांत जेमतेम साडेचार लिटर निघतं. त्याच्या अंगात पाचच्या वर होतं. म्हणजे पूर्ण चार तास बसूनही थोडं उरणारच. तो काही बोलणार, एवढ्यात पाच नंबरवरून आवाज आला, ‘मार्नरला हाकलला पाहिजे असं तू म्हणत होतास ना?’ मार्नर म्हणजे लीफ्सचा बिनीचा खेळाडू, आणि त्याचा करार संपत आला होता. सुटायचा विषय तिथेच राहिला.

पाच नंबरवर आमचे ट्रामवाले आजोबा. आयुष्यभर शहराच्या ट्राम चालवल्या. लीफ्सने शेवटचा स्टॅन्ले कप जिंकला तो 1967 साली, मॉन्ट्रियलला हरवून. तो शाळकरी वयात पाहिलेल्यांपैकी ते एक. लीगमध्ये तेव्हा सहाच संघ होते. सहा नंबरवर श्रीलंकेतून आलेले तमिळ अण्णा, वहीत आकडे लिहून ठेवणारे. मी मिरजेची. बर्फ पाहिला तो इथे आल्यावर, आणि हॉकी शिकले ती या तिघांकडून, मशीनचे गजर बंद करता करता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : बर्फावर एका वेळी गोलरक्षक सोडून पाच जण असतात. पुढचे तीन म्हणजे एक ‘लाइन’, मागचे दोघं म्हणजे जोडी. अशा चार लाइन आणि तीन जोड्या, पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाकावर येऊन बसायचं. त्यामुळे कोणाच्या शेजारी कोण, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे ओपनिंगला कोण यावर कट्ट्यावर जे होतं, तेच, फक्त चारपट.

प्रशिक्षक बेरूबेने नाइज, मॅथ्यूज आणि मार्नर एकत्र ठेवले, टवारेस आणि नायलँडर दुसरीकडे. अण्णांचं म्हणणं, मॅथ्यूज-मार्नर ही जोडी केव्हाच फोडायला हवी होती. मॅथ्यूजला नायलँडर द्या, मग समोरच्याला एकाच लाइनवर पहारा ठेवून भागणार नाही. ट्रकवाल्याचं म्हणणं, खुर्च्या बदलून काय होतंय? मॅथ्यूज, मार्नर, टवारेस आणि नायलँडर या चौघांवर मिळून वर्षाला साडेशेहेचाळीस दशलक्ष डॉलर, अख्ख्या संघाच्या पगारांची मर्यादा 88 दशलक्ष. अर्ध्याहून जास्त पैसे चार जणांवर घालवल्यावर तिसऱ्या-चौथ्या लाइनला उरतं काय? आणि फ्लोरिडाच्या तिसऱ्या लाइनवर मार्शांडसारखा नावाजलेला खेळाडू! मॅथ्यूजने गेल्या हंगामात 69 गोल केले, आणि या मालिकेत सात सामन्यांत एक. (तो दुखापत घेऊन खेळत होता, हे मी म्हटलं. माझं कोणी ऐकलं नाही.) सातव्या सामन्यातला लीफ्सचा एकुलता एक गोल कोणाचा? डोमीचा.

2018, 2019, 2021, 2022, 2024, 2025. अण्णांनी हरलेल्या सातव्या सामन्यांची वर्षं पाढ्यासारखी म्हटली. मला स्वतःला ट्रकवाल्याचंच पटत होतं, पण पेशंटच्या बाजूने बोलायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. एकाची बाजू घेतली की दुसऱ्याचं ब्लडप्रेशर.

तिसरा तास संपत आला होता. मशीन दर अर्ध्या तासाने रक्तदाब घेतं, त्याला अजून दहा-बारा मिनिटं होती. मी पाठमोरी, सात नंबरच्या बाईंचं हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, बघत होते. आजोबांनी ठेवणीतला बाण काढला (हॉकीत गोलचा एक गुण आणि गोलला केलेल्या मदतीचाही एक) : ‘या हंगामात 102 गुण मिळवलेला माणूस आहे मार्नर. त्याला फुकट जाऊ देणार?’

उत्तर आलं नाही.

आजोबांनी थांबून पुन्हा म्हटलं, ‘एकशे दोन!’

तरी नाही. मार्नरचं नाव घेतल्यावर हा माणूस गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी वळले. तो जांभई देत होता, कपाळावर घाम, ओठ पांढुरके. मशीनवर एकही लाल दिवा नव्हता. मी रक्तदाबाचा पट्टा, म्हणजे कफ, चालू केला : 78 वर 41.

खुर्ची मागे टाकली, पाय वर, पाणी ओढणं बंद, सलाइन दोनशे मिली. सहकारी ऑक्सिजन घेऊन आली. पोटरीत गोळा आला होता, ती मी तळव्याकडून दाबून धरली. अण्णांनी वही मिटली. आजोबा एकसारखे विचारत होते, माझ्यामुळे झालं का? त्यांच्यामुळे काही झालं नव्हतं. मर्यादेच्या अगदी काठावरून पाणी ओढलं जात होतं आणि नसांतलं पाणी भरून यायच्या आत कमी झालं. उलट ते बोलले नसते तर मला कफची वेळ होईपर्यंत कळलंही नसतं. हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांचा चेहरा काही सुधारला नाही.

पुढचा कफ 96 वर 58. मग 108. ओठांना रंग आला. मी विचारलं, ‘कुठे आहेस सांग बघू?’

त्याने डोळे उघडले, मान पाच नंबरकडे वळवली. ‘साखळीतले,’ तो म्हणाला. ‘एकशे दोन साखळीतले. मे महिन्यात किती ते सांगा.’

आजोबा इतके खूश झाले की त्यांनी तो मुद्दा सोडून दिला.

उरलेला वेळ मी वेग उतरवून काढला. वजन 88.1, म्हणजे दोन किलोंवर पाणी अजून अंगात. डॉक्टरांशी फोनवर बोलून दुसऱ्या दिवशीची जादा पाळी ठरवली आणि त्याला सांगायला गेले. मला वाटलं, आता भांडेल. मंगळवारी त्याची गाडी मॉन्ट्रियलला निघायची होती. त्याने सुयांच्या जागी कापूस दाबून धरत विचार केला.

‘येतो,’ म्हणाला. ‘पण मला कोपऱ्यातली खुर्ची दे. मंगळवारवाले सगळे मार्नरचे आहेत.’