जास्तच गुळगुळीत

ट्रान्सपोर्टरवरून उतरलेली नवी गाडी नवी वाटत नाही. अंगावर पांढरी फिल्म, सीटांवर प्लास्टिक, पुढच्या स्प्रिंगांमध्ये ठोकळे आणि टायरांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा. जहाजात पट्ट्यांनी आवळलेली गाडी लाटांबरोबर स्वतःच्याच स्प्रिंगांवर उसळू नये, म्हणून ठोकळे. एका जागी उभं राहून टायर चपटे पडू नयेत, म्हणून हवा. शिवाय गाडी ट्रान्सपोर्ट मोडमध्ये असते, म्हणजे बॅटरी वाचावी म्हणून अर्धी इलेक्ट्रॉनिक्स झोपवलेली. हे सगळं काढायचं, जागं करायचं, तपासायचं, याला पीडीआय, म्हणजे प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन म्हणतात आणि ते माझं काम. ठोकळे काढायचे राहून गेले आणि मालकाला वाटत राहिलं की स्पोर्ट्स कार अशीच कडक असते, असे किस्से आमच्या धंद्यात भरपूर आहेत.

गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं ते रेशमी कापड आणि ते ओढायला पुढे सरसावलेला सेल्समन. त्यानंतर मोबाइल वर होतात. गाडी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहणारा माणूस हल्ली विरळाच.

ज्यांच्याबद्दल लिहितोय ते गृहस्थ मात्र डोळ्यांनी पाहणारे होते. त्यांनी दीड वर्ष वाट पाहिली होती. सहा सिलिंडर, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागच्या चाकांना ताकद, आणि रंग असा निवडलेला की कारखान्यात त्याची पाळी येईपर्यंत थांबणं भाग होतं. गाडीचा चासी नंबर त्यांना तोंडपाठ. ती कुठल्या जहाजात चढली हेही त्यांनी शोधून काढलं होतं. परदेशी फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांना आपली जागा सतत कळवत राहणारं यंत्र बसवणं सक्तीचं असतं आणि ती माहिती कुणालाही फोनवर पाहता येते. गृहस्थ रोज रात्री आपलं जहाज बघून झोपायचे. सेल्सची मुलं त्यांना हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. स्वतःच्या गाडीबद्दल सेल्सपेक्षा जास्त माहिती असलेलं गिऱ्हाईक सेल्सला नेहमीच विनोदी वाटतं.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी गाडी माझ्या बेमध्ये होती. या मॉडेलला सेंटर-लॉक चाकं येतात. पाच बोल्टऐवजी मधोमध एकच भला थोरला नट. साध्या गाडीचा बोल्ट शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटरला आवळतात. हा नट ६०० ला. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने माणसाच्या छातीइतक्या उंचीच्या टॉर्क रेंचला, म्हणजे ठरलेला जोर लागताच टिचकी वाजवणाऱ्या पान्याला, लोंबकळायचं. ६०० ला आवळायचा, थोडा सैल करायचा आणि पुन्हा ६०० ला. चारही चाकं झाली की हात भरून येतात. पण मागच्या चाकाच्या नटावर रेंचची टिचकी वाजते तेव्हा जे वाटतं ते पगारात मोजता येत नाही. त्यानंतर टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचायचा, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. मग बॅटरीचा व्होल्टेज, मग द्रवांच्या पातळ्या. शेवटी रंग.

पीडीआयच्या फॉर्मवर रंगाची जाडी मोजण्याचा रकाना नाही. मी मोजतो त्याचं कारण आमची वॉशिंग बे. तिथे एकच बादली, एकच फडकं आणि भरपूर उत्साह, त्यामुळे गडद रंगाच्या गाडीवर जाळीसारखे ओरखडे उठतात आणि ते मला बफ मारून काढावे लागतात. बफ मारायचा तर वरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, किती आहे याचा अंदाज हवा. तो देतं जाडी मोजायचं गेज. कारखान्यातून येणारा रंग, प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सगळे थर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. त्यात क्लिअर पन्नासच्या आसपास. त्यातलं जितकं मी घासून काढीन तितकं मालकाच्या रंगाच्या आयुष्यातून कमी होतं.

छप्पर ११२. डावा दरवाजा ११८. उजवा मागचा क्वार्टर, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, १२१. डावा मागचा क्वार्टर २४६. थोडं वर २५८. चाकाच्या कमानीपाशी २३९.

खरं म्हणजे गेजच्या आधी डोळ्यालाच खटकलं होतं. कारखान्याच्या रंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब किंचित थरथरतं. संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत असतो त्याला, महागातल्या महाग गाडीलाही. या पॅनेलवर ट्यूबलाइट सरळ रेघ होऊन पडली होती. पॅनेल गाडीच्या मानाने जास्तच गुळगुळीत होतं. कुणीतरी ते रंगवलं होतं, आणि कारखान्यापेक्षा चांगलं रंगवलं होतं.

मी बॉडीशॉपमधून मामांना बोलावलं. मामा आमचे सगळ्यात जुने पेंटर, गेजवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी दरवाजा उघडून कडेवरून अंगठा फिरवला, रंगवताना लावलेल्या टेपची रेघ शोधली, सापडली नाही. छपराच्या खांबावर नवा क्लिअर कुठे संपतो ते शोधलं, तेही सापडलं नाही. शेवटी टेललाइट काढून रबराखाली पाहिलं, तिथे रंगाची अगदी हलकी धूळ बसलेली. मामा बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “हा रंग मारणाऱ्याला मला भेटायचंय.” त्यांच्या तोंडून इतर कुणा पेंटरची स्तुती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

मॅनेजरसरांनी चासी नंबर टाकून आयातदाराची नोंद उघडली. दोन क्लिकमध्ये सापडलं : बंदरावर कॉस्मेटिक दुरुस्ती, ठरलेल्या मर्यादेच्या आत. जहाजातून उतरवताना काहीतरी लागलं असणार. तिथे गाड्या इतक्या खेटून लावतात की दरवाजाही पुरता उघडत नाही. त्यात नवल काहीच नाही. मोठ्या बंदरांजवळ अशा दुरुस्तीची वर्कशॉप असतात ती उगाच नाही. नवल होतं ते इतकंच की नोंद होती, पण गिऱ्हाइकाला द्यायच्या कागदांत तिची प्रत येत नव्हती.

“आपण लपवत नाही आहोत,” सर म्हणाले. “आपण फक्त सांगत नाही आहोत. मर्यादेच्या आत आहे.”

मर्यादा म्हटल्यावर मला अमेरिकेतला तो खटला आठवला. आमच्या धंद्यात बरेच जण तो ऐकून असतात, पुरता कुणी वाचत नाही. १९९० साली अलाबामातल्या डॉ. आयरा गोर यांनी काळी बीएमडब्ल्यू ५३५आय घेतली, ४०,७५०.८८ डॉलरला. नऊ महिने त्यांना काहीही दिसलं नाही. मग गाडी आणखी चमकवायला ते डिटेलिंगवाल्याकडे गेले आणि त्याने सांगितलं की हिला पुन्हा रंग मारलाय. वाहतुकीत झालेलं नुकसान कंपनीने दुरुस्त केलं होतं, खर्च ६०१.३७ डॉलर. दुरुस्ती किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर डीलरलाही सांगायचं नाही, हे कंपनीचं तेव्हाचं धोरण. ज्यूरीने नुकसानभरपाई ४,००० डॉलर दिली आणि दंड ४० लाख डॉलर. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्मा केला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाच्या सवा ठरवला, आणि पुढे अलाबामातच तो ५० हजारांवर आला. मला यातला दंड महत्त्वाचा वाटत नाही. ते ४,००० वाटतात. रंग पुन्हा मारलेल्या गाडीची किंमत दहा टक्क्यांनी उतरते, या साक्षीवर ती रक्कम निघाली होती. म्हणजे सहाशे डॉलरच्या, कुणाला न दिसणाऱ्या कामाने चार हजार गेले. गेले ते नेमके कुठून, हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “उद्या सकाळी अकराची डिलिव्हरी आहे.”

सर वाईट माणूस नाहीत. तिमाही संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ एकटेच आले. त्यांनी मोबाइल काढला नाही. कापड ओढलं गेलं, आणि ते गाडीभोवती दोन फेऱ्या मारून थांबले. सेंटर-लॉक, रनिंग-इन (नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं) आणि नव्या टायरांबद्दल सांगायला मी बाजूला उभा होतो. साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेलं द्रव्य टायरांवर राहिलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला ते घसरतात, आणि हे मी कितीही सांगितलं तरी लोक पहिल्याच वळणावर विसरतात.

त्यांनी सेल्समनला विचारलं, “जहाज लागल्यावर तीन आठवडे ही बंदरात का होती? याच जहाजातल्या दोन गाड्या त्याआधीच मालकांच्या घरी गेल्यात. मी बोललोय त्यांच्याशी.”

“कस्टम्स,” सेल्समन म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तपासणी तुम्हीच केलीत ना? काही सापडलं?”

त्यांच्याकडे तारखा होत्या, कारण नव्हतं. माझ्याकडे आकडे होते. खोटं बोलायला मला एक शब्द पुरला असता, आणि सरांची नजर तोच शब्द मागत होती. मी आत जाऊन गेज आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी सगळी गाडी स्वतः मोजली. छपरापासून, शांतपणे, प्रत्येक आकडा बिलाच्या पाकिटावर लिहीत. डाव्या क्वार्टरला तीनदा मोजलं. मग विचारलं, “काम वाईट झालंय का?”

“नाही. गाडीवरचा सगळ्यात चांगला रंग तिथेच आहे.”

ते मोठ्याने हसले. मग आत बसले, क्लच दाबला, इंजिन सुरू केलं. थंड इंजिन आधी चढ्या आवाजात घुमतं आणि मिनिटभरात खाली येतं. तो आवाज बसेपर्यंत त्यांनी ऐकला, गिअर लिव्हर एकदा सगळ्या जागांतून फिरवला, आणि इंजिन बंद केलं. किल्ली सेल्समनला परत दिली.

सरांनी मग सगळं काही देऊ केलं. सूट, वाढीव वॉरंटी, आख्ख्या गाडीला संरक्षक फिल्म. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मागच्या आठवड्यात फोन करून सांगितलं असतंत, तर आज ही घेऊन गेलो असतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते मला पूर्ण खरं वाटत नाही. दीड वर्ष जहाजं बघत झोपणाऱ्या माणसाला फोनवर ‘तुमच्या गाडीला रंग मारलाय’ म्हटलं असतं, तर तो ‘हरकत नाही’ म्हणाला असता? मामा म्हणतात, म्हणाला असता. लोकांना डाग चालतो, डाव चालत नाही. मला वाटतं त्यांनी फोनवरच ऑर्डर रद्द केली असती, फक्त कमी चिडून. पण सिद्ध कसं करणार? तो फोन कुणी केलाच नाही.

गाडी पंधरवड्यात गेली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला नोंदीची प्रत आधी दाखवली, मोठी सूट दिली. त्याने प्रत घडी घालून खिशात टाकली आणि फोनला गाडीचा ब्लूटूथ जोडता येईना म्हणून मला हाक मारली. डाव्या क्वार्टरकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मामांना त्याचंच वाईट वाटलं.

सर मला नंतर म्हणाले, “बरोबर केलंस, पण वेळ चुकली.” बरोबर वेळ कोणती असते ते मी विचारलं. आदल्या संध्याकाळी त्यांच्याच टेबलासमोर उभं राहून मी हेच आकडे वाचले होते, हेही सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. पीडीआयच्या फॉर्मवर रंगाच्या जाडीचा रकाना टाकावा आणि बंदरावरच्या दुरुस्तीची नोंद कागदांत आपोआप जोडली जावी, अशी दोन ओळींची सूचना मी वर पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर मी आकडे फॉर्मच्या समासात लिहितो, सहीसकट. ऑफिसवाल्यांना ते आवडत नाही, कारण स्कॅनमध्ये समास कापला जातो. म्हणून आता जरा आतून लिहायला लागलोय.

गृहस्थांनी तीच गाडी, त्याच रंगात, पुन्हा बुक केली आहे, आमच्याकडेच. हे तर मला अजिबातच उमगलेलं नाही. बुकिंगच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक अट घातली आहे की पीडीआय मीच करायचं आणि आकडे त्यांना त्याच दिवशी कळवायचे. कारखान्यात तो रंग पुन्हा कधी लागणार, हे सेल्सला विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं. गृहस्थांना विचारलं, तर त्यांना माहीत होतं.