नुसता हिशेब

चिडायचं काही कारणच नव्हतं. मागच्या बाकावरचा तो मुलगा उद्धटपणे बोलला नाही, चारचौघांना ऐकू जावं म्हणूनही बोलला नाही. कप विसळता विसळता आपल्याच नादात म्हणाला, "बाई, म्हणजे उष्णता म्हणजे नुसता हिशेबच की." आणि दप्तर उचलून पुढच्या तासाला गेला. मी मात्र संध्याकाळपर्यंत ते वाक्य घेऊन फिरतेय.

प्रयोग नेहमीचाच. उकळत्या पाण्यात तापवलेला 50 ग्रॅमचा तांब्याचा ठोकळा आणि थर्माकोलच्या कपात 25 अंशांचं 100 ग्रॅम पाणी. ठोकळा दोऱ्याने उचलायचा, झटकायचा, कपात सोडायचा, झाकण लावून ढवळायचं. सगळी डोकी थर्मामीटरवर. पारा जेमतेम 3 अंश चढतो आणि थांबतो. तिकडे तांबं 70हून जास्त अंश खाली घसरलंय आणि पाणी हूं की चूं करत नाही. मला या जागी अजूनही मजा येते. पोरांच्या तोंडावर असतं, एवढंच?

मग फळा. वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) गुणिले तापमानातला फरक. एका बाजूला तांब्याने दिलेली उष्णता, दुसऱ्या बाजूला पाण्याने घेतलेली. तांब्याचं उत्तर यायला हवं 0.385 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. प्रत्यक्षात प्रत्येक गटाचं वेगळंच येतं, कारण 3 अंशांच्या वाढीत अर्धा अंश इकडेतिकडे वाचला की 15 टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय ठोकळा हवेतून कपात येईपर्यंत थोडा निवतोच. हे मी दरवर्षी सांगते, त्याच आवाजात.

त्याचं म्हणणं लागलं, कारण ते खोडता येत नाही. कपात आम्ही काय मोजलं? तापमान. तराजूवर काय मोजलं? वस्तुमान. उष्णता कुणी मोजली? कुणीच नाही. ती वहीत, गुणाकाराच्या ओळीत अवतरते. कॅलरीमापी म्हणून जे भांडं मी मिरवते, त्यात उष्णता मोजणारं काही नसतंच. कप, झाकण, ढवळणी, थर्मामीटर, संपलं.

म्हणजे इतकी वर्षं मी काय शिकवतेय, जमाखर्च?  

पण लागलं ते लागलंच. दुपारी डबा खाताना मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते. एक: सगळं विज्ञान हिशेबच असतं रे. (खोटं, आणि त्याला ते कळलं असतं.) दोन: पुढच्या वर्षी एन्थाल्पीचा धडा आला की समजेल. (हे तर पळपुटेपणाचं.) तिसरं उत्तर सुचेना, तेव्हा राग आला. त्याचा नव्हे. बहुतेक कुणाचाच नव्हे.

मग स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आठवला. अठराव्या शतकात जड पदार्थाला तापायला जास्त उष्णता लागते असं समजत. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, तेव्हा त्याची भूक मोठीच असणार. ब्लॅक व्याख्यानात सांगायचा ते उदाहरण असं: 100 अंश फॅरनहाइटचं पाणी आणि तेवढ्याच आकारमानाचा 150 अंशांचा पारा एकत्र केला, तर दोघांची भूक सारखी धरली तरी मिश्रण 125 वर यायला हवं, पाऱ्याची मोठी धरली तर त्याहूनही वर. ते 120 वरच थांबतं. पारा 30 अंश उतरतो, पाणी 20च चढतं. उष्णता तीच, अंश मात्र वेगळे. उष्णता आणि तापमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे असल्या न जुळणाऱ्या बेरजेतून उमगलं. मग हिशेबाला नाक मुरडायचं मला कारण काय? नाक तो मुरडत नव्हताच, मीच मुरडत होते.

आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए! 1782-83च्या हिवाळ्यात गणितज्ञ लाप्लासबरोबर त्याने बर्फाचा कॅलरीमापी वापरला. आतली वस्तू निवताना किती बर्फ वितळला ते पाणी वजन करून बघायचं, म्हणजे उष्णता चक्क तराजूवर. आत गिनीपिगसुद्धा बसवला होता बिचारा. पण उष्णता म्हणजे द्रव की कणांची हालचाल, यावर दोघांनी या प्रयोगांवरच्या आपल्या प्रबंधात निकाल दिलाच नाही. दोन्ही मतं शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाले, आकडे दोन्हीकडे चालतात. पुढे 1789 मध्ये लाव्हाझिएने स्वतःच उष्णतेला 'कॅलरिक' म्हणून मूलद्रव्यांच्या यादीत बसवलं, ते वेगळं. पोटापाण्यासाठी हा माणूस सरकारी करवसुलीच्या कंपनीत भागीदार. दिवसा कराचा हिशेब, उरलेल्या वेळात उष्णतेचा. माझ्या मागच्या बाकावरच्या माणसाला एवढी थोर संगत आहे आणि बाई डबा पुढ्यात घेऊन रुसल्यात. हसूच आलं.

आत्ता वही उघडून त्याच्यासाठी एक तक्ता केला. ग्रॅममागे आकडे कसेही पळतात: ॲल्युमिनियम 0.897, लोखंड 0.449, तांबं 0.385, शिसं 0.129. पण प्रत्येकाला अणुवस्तुमानाने गुणलं, म्हणजे ग्रॅमऐवजी मोलमागे (अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) मांडलं, की 24.2, 25.1, 24.5, 26.7. ड्युलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1819 मध्ये हेच पाहिलं होतं. ग्रॅम सोडून अणू मोजले की धातू जवळजवळ सारखेच वागतात. थर्माकोलच्या कपातला हिशेब अणूंच्या संख्येपर्यंत पोचतो. नुसता असेल, पण लांब हात आहेत त्याचे.

मोलचा स्तंभ उद्या फळ्यावर रिकामा ठेवणार आहे, पोरांनाच गुणाकार करू दे. शिशाचे 26.7 त्याला लगेच खुपतील, ते मी सांभाळून घेईन. प्रश्न हिऱ्याचा आहे. हिरा घेतला की उत्तर 6च्या आसपास येतं आणि सगळा तक्ता कोसळतो. ते का, हे कळायला 1907 साल आणि आईन्स्टाईन यावा लागला, आणि ते दहावीत सांगायची माझी तयारी नाही. हिरा गाळला तर तक्ता देखणा दिसेल. पण त्याने विचारलं, "बाई, सगळ्यांचंच असं येतं का?" तर?

हिरा लिहिलाय. पेन्सिलने.