पालेंके १:४० – जोडछत टेकूशिवाय उभं राहिलं!

मेक्सिकोतल्या पालेंके या प्राचीन माया शहरातल्या सूर्यमंदिराचा १:४० मापाचा नमुना मी करते आहे. काल रात्री शेवटची आडवी तुळई काढली आणि छत जागचं हललं नाही. चुन्याचा कणही न लावता, शहाबादी फरशीच्या कपच्या नुसत्या एकावर एक रचून दोन शेजारच्या खोल्यांवर केलेलं जोडछत. खालची फळी हळूच तिरकी करून पाहिली, तरी दोन्ही खोल्यांचे झाकणदगड (छताचा माथा बंद करणारे दगड) आपापल्या जागी. कित्येक महिने जे कोडं सुटत नव्हतं ते सुटलं, म्हणून रंगकामाची ठरलेली नोंद पुढे ढकलून ही आधी लिहिते आहे.

सूर्यमंदिराचा चौथरा, पायऱ्या आणि भिंती मागेच झाल्या होत्या. पालेंकेचा राजा किनिच कान बाहलाम दुसरा याने इ.स. ६९२ मध्ये जी तीन मंदिरं अर्पण केली, त्यांतलं हे सर्वांत सुस्थितीत टिकलेलं. अडलं होतं ते छतापाशी. बाहेरच्या भिंतीवरून थर आत सरकवत नेले की मध्याच्या थोडं अलीकडेच सगळी चळत आतल्या बाजूला कलंडायची. दरवेळी तिथेच.

कारण पालेंकेच्या घडणीतच आहे. कॉर्बेल छताचा अर्धा भाग म्हणजे भिंतीवरून आत सरकत गेलेली दगडांची चळत. तिचा गुरुत्वमध्य भिंतीच्या आतल्या कडेपलीकडे गेला की ती आत पडणार. उश्माल या दुसऱ्या माया शहरातल्या ‘राज्यपालाच्या वाड्यात’ बाहेरची बाजू वरपर्यंत सरळ उभी चढते. वरच्या रुंद नक्षीपट्ट्याचं वजन ही चळत मागून धरून ठेवतं. पालेंकेच्या गवंड्यांनी नेमकं तेच वजन काढून टाकलं. दर्शनी भागाचा वरचा हिस्सा त्यांनी आतल्या छताला जवळजवळ समांतर असा तिरका केला. भार घटला, भिंती बारीक करता आल्या, दारं रुंद झाली, खोल्यांत उजेड आला. माया वास्तूंमध्ये इतक्या मोकळ्या खोल्या क्वचित सापडतात आणि म्हणूनच मला पालेंके ग्वातेमालातल्या तिकाल या माया शहरापेक्षा जास्त प्रिय आहे. पण सुक्या चळतीला मागून धरणारं मात्र काही उरलं नाही.

‘चुना लाव आणि मोकळी हो’ असं काहींनी सुचवलं होतं. ते मी का टाळलं, ते सांगते. १:४० मध्ये दगडाचं वजन ६४,००० पटींनी कमी होतं, पण सांध्याचं क्षेत्रफळ फक्त १,६०० पटींनी. म्हणजे तोच चुना नमुन्यात वजनाच्या मानाने ४० पट बळकट ठरतो. चुना लावून उभं राहिलेलं लहान छत खऱ्या छताच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. तोल मात्र मापाबरोबर बदलत नाही. जी चळत १:४० मध्ये सुकी कलंडते, ती त्याच आकारात मोठी केली तरी कलंडेल. म्हणून घडण तपासायची तर सुकीच.

उत्तर मिळालं ते एका खोलीकडे बघणं सोडल्यावर. सूर्यमंदिरात दोन समांतर खोल्या आहेत आणि मधली जाड भिंत दोघींना सामाईक. पुढचं छत पुरं करून मग मागचं घेतलं, की बाहेरची चळत झाकणदगडातून मधल्या भिंतीला ढकलते आणि मधल्या भिंतीवरचे थर मागे सरकतात. दोन्ही छतं बरोबरीने चढवली तर? पुढून जेवढा रेटा, तेवढाच मागून. दोन्ही रेटे मधल्या भिंतीच्या माथ्यावर भिडतात आणि एकमेकांना अडवतात. त्या माथ्यावरच पालेंकेवाल्यांनी जाळीदार तुरा, म्हणजे छतावरची उंच शोभेची भिंत, उभारला! आजवर मी तुऱ्याकडे निव्वळ दिमाख म्हणून पाहत होते. पण त्याचं वजन सरळ मधल्या भिंतीत उतरतं आणि माथ्यावरचे थर दाबून ठेवतं. तुऱ्याच्या वजनाची शिशाची पट्टी तिथे ठेवली, तेव्हा वरच्या थरांची उरलीसुरली सरकही थांबली.

झाकणदगड बसेपर्यंत चारही अर्ध्या चळती धरायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. माया छतांमध्ये एका उतारापासून दुसऱ्यापर्यंत आडव्या लाकडी तुळया असत. त्यांच्या खोबणी आजही दिसतात. त्या बांधकामापुरत्या होत्या की कायमच्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या नमुन्यात त्यांनी बांधकामापुरतं काम चोख केलं: दर काही थरांनंतर एक तुळई आत अडकवायची, समोरासमोरच्या चळती तिच्यावर रेलतात, मग पुढचे थर.

तुळयांचं लाकूड चिकूचं आहे, आणि याचा मला फार आनंद आहे. तिकालच्या मंदिरांतल्या कोरीव लिंटल (दारावरच्या आडव्या तुळया) याच झाडाच्या. त्यांतल्या काही आज स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात आहेत, बाराशेहून अधिक वर्षांनंतरही शाबूत. लाकडाच्या वखारीत चिकू मागितला तर लोक बघत राहतात. घोलवडच्या एका बागेत वाऱ्याने मोडलेली जुनी फांदी मिळाली, ती सावलीत वाळवली. लालसर, जड आणि करवतीला दाद न देणारं लाकूड. बारीक दात्यांची जपानी ओढकरवत यासाठी उत्तम; रोटरी टूलच्या चकतीने ते जळतं. कपच्यांसाठी मात्र डायमंड चकतीला पर्याय नाही. आणि शहाबादी विकत घेऊ नका, फरशीवाल्याकडचे तुकडे घ्या. हा चुनखडकच आहे, थराथराने सुटतो, आणि पालेंकेचा दगडही तसाच पातळ लाद्यांत फुटणारा.

इथपर्यंत लिहून झाल्यावर आज सकाळी इंग्रज अभ्यासक मॉड्स्लीने १८९०–९१ मध्ये पालेंकेत काढलेली छायाचित्रं पुन्हा उघडली, आणि आता बेत बदलतो आहे.

त्याच तिघांतल्या, शेजारच्या पर्णक्रूस मंदिराचा पुढचा दर्शनी भाग आणि त्याबरोबर पुढच्या छताची बाहेरची बाजू केव्हाच ढासळली आहे. त्यामुळे छताचा छेद उघडा पडलाय, किल्लीच्या भोकाच्या आकाराच्या कोनाड्यांसकट. थर मोजायला मी हेच मंदिर वापरत आले. पण माझ्या सुक्या हिशेबाने पुढचा रेटा गेला की मागचं छतही सरकायला हवं. नमुन्यात पुढची बाहेरची चळत काढून पाहिली. मधल्या भिंतीवरचे वरचे थर लगेच पुढे घसरले. खऱ्या मंदिरात मात्र मधल्या भिंतीला चिकटलेला अर्धा भाग अधांतरी तसाच आहे आणि मागची खोली शाबूत.

म्हणजे तोलाने छत बांधता येतं, पण शतकानुशतकं टिकवलं ते चुन्याने. आपण अंबरनाथसारखी (इ.स. १०६०) मंदिरं बघत वाढलेली माणसं, दगडावर दगड चढला की दगडच भार धरतो असं गृहीत धरतो. पालेंकेचं छत बरंचसं चुन्याच्या आणि गोट्यांच्या गाभ्याचं आहे. आत्तापर्यंत मी या गाभ्याला नुसती भर म्हणत होते. आता सगळा शोध तिकडे वळवते.

ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये होंडुरासमधल्या कोपान या माया शहराच्या गिलाव्यावर काम प्रसिद्ध केलं. चुकुम आणि हिओते या झाडांच्या सालीचा अर्क घालून त्यांनी चुना केला, आणि तो जुन्या माया गिलाव्याशी जुळला. अर्कातले सेंद्रिय घटक कॅल्साइटच्या स्फटिकांत शिरून चुना चिवट करतात. आपल्याकडे जुन्या चुन्यात हिरडा, गूळ, बेलाचा गर घालतच असत. चुकुम इथे मिळायचा नाही, पण तो शेंगावर्गातला, सालीत टॅनिन असलेला. बाभूळही तशीच. तेव्हा पहिला प्रयोग बाभळीच्या सालीच्या काढ्याचा. चुना कळीचा, घरी विरवलेला. पिशवीतल्या हायड्रेटेड चुन्याला तो गुळगुळीतपणा कधीच येत नाही. पावसाळ्यात सुकायला वेळ लागेल, पण तडेही कमी जातील, त्यामुळे थांबायचं कारण नाही.

वर सांगितलेल्या ४० पटींमुळे चुन्याची ताकद नमुन्यावर जोखता येणार नाही. म्हणून १:४० चं सूर्यमंदिर सध्या जसं आहे तसं, सुकं, झाकून ठेवते. त्याऐवजी १:१० मध्ये छताचा फक्त एक काप करायचा, पर्णक्रूससारखा एका बाजूने उघडा, आणि वरून वजन टांगून तो कितपत झेलतो ते बघायचं. जमलं तर शेजारी उश्मालच्या सरळ दर्शनी भागाचा काप, तिथल्या बुटाच्या आकाराच्या छतदगडांसह. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पालेंकेने किती वजन वाचवलं ते तराजूवरच दिसेल.

रंगाचं थोडक्यात: ओल्या गिलाव्यावर कावेचा हात दिला तो छान बसला आहे. पालेंकेच्या शिल्पांची नोंद ठेवणाऱ्या चित्रकार-अभ्यासक मर्ल ग्रीन रॉबर्टसन यांनी तिथल्या गिलाव्यावर नोंदवलेल्या लाल रंगाच्या बराच जवळ. निळ्याचं नंतर बघू.

बाभळीच्या सालीचा काढा कोणी चुन्यात वापरला असेल तर सालीचं पाण्याशी प्रमाण आणि किती दिवस भिजवली ते कळवा. पर्णक्रूसच्या छेदाचं मोजमापासह रेखाटन कोणाकडे असेल तर तेही हवं आहे. १:१० ला छायाचित्रावरून मोजलेले थर पुरणार नाहीत.