ग्राफीनचा साकव: ११–५–११ जोड

पऱ्यावरच्या साकवावरून एका वेळी एकच माणूस जातो, दोन्ही काठांना कितीही गर्दी असो. ग्राफीनच्या, म्हणजे एक अणू जाडीच्या कार्बनच्या पत्र्याच्या, रुंद पट्टीत मध्ये अरुंद तुकडा आला की इलेक्ट्रॉनचंही तेच. एका मार्गिकेची वाहकता फार तर ७७.५ मायक्रोसीमेन्स, म्हणजे १२.९ किलोओहम रोध.

अशा जोडातून किती इलेक्ट्रॉन पार होतात याचं गणित क्वांट (Kwant) या पायथॉनमधल्या मोफत संचाने साध्या लॅपटॉपवर होतं. बंध १.४२ अँगस्ट्रॉम, हॉपिंग (शेजारच्या अणूवर उडी मारण्याची ऊर्जा) −२.७ ईव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्ट), आर्मचेअर पट्टीचा (जिचा काठ खुर्चीच्या हातांसारखा दिसतो) पुन्हा पुन्हा येणारा घटक ४.२६ अँगस्ट्रॉम. दोन्ही लीड (बाजूच्या लांब पट्ट्या) ११ ओळींच्या, मध्ये ५ ओळींचे १० घटक. रुंदी कार्बनच्या ओळींनी मोजायची, षट्कोनांनी नव्हे. ११ ऐवजी १० ओळी झाल्या तर सुमारे ०.९ ईव्हीची ऊर्जादरी (ज्या ऊर्जांना इलेक्ट्रॉनला वाटच नाही असा पट्टा) उघडते आणि दोष मात्र जोडाला दिला जातो.

म्हणून जोड नंतर, आधी नुसती ११ ची पट्टी. ट्रान्समिशन (सगळ्या मार्गिका मिळून पार होण्याचा आकडा) ०.०१ ईव्हीपासून १ यायला हवं, १.१२ ला २, १.३० ला ३. पायऱ्या पूर्णांकी नसतील तर पुढे जाऊच नका. मग जोड. १.३ ते १.९ ईव्हीत लीडमध्ये ३ मार्गिका, साकवात एकच. तिथे आकडा १ च्या वर गेला तर बांधणी चुकली.

सगळ्यात छळणारी चूक पट्टीची रुंदी बदलते तिथल्या कोपऱ्यावर असते. पट्टी कापताना एकच शेजारी उरलेला कार्बन तिथे लोंबत राहतो आणि शून्य ऊर्जेला खोल खड्डा पाडतो. दिसायला तो मोठा शोध वाटतो! असे अणू काढून टाकणारी क्वांटची इरॅडिकेट-डँगलिंग (eradicate_dangling) आज्ञा चालवा, खड्डा जातो का बघा.

एवढं करूनही साधं मॉडेल ५ आणि ११ ला धातू, म्हणजे दरी नसलेलं, ठरवतं, आणि ते खरं नाही. काठावरचे, पट्टीच्या अक्षाला समांतर असलेले बंध आखूड असतात. त्यांचं हॉपिंग १२ टक्क्यांनी वाढवून −३.०२ करा. मग ११ ला सुमारे ०.१६ आणि ५ ला ०.३२ ईव्हीची दरी येते. ±०.०८ ईव्हीच्या आत लीडच बंद, म्हणून शून्य. ०.०८ ते ०.१६ मध्ये लीड उघडी पण साकव बंद, तरी इलेक्ट्रॉन बोगद्यातून (टनेलिंगने) गळतो. तुकडा लांबवला की आकडा घसरतो. ०.१६ च्या वर आलेखात लाटा दिसतात, साकवाच्या दोन टोकांमधल्या परावर्तनाच्या. लांबी दुप्पट केल्यावर त्या दाट झाल्या नाहीत तर शंका घ्या.

जून-जुलैत इकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक ऊर्जेचा आकडा लगेच फाइलीत उतरवा. ट्रान्सिएस्टावर (असंच गणित जास्त बारकाईने करणारी प्रणाली) गेलात तर तिची टीएसडीई (TSDE) फाइल जपा. पुन्हा सुरुवात तिथूनच होते.