आमची वाटचाल: आधी भार उतरवा, मग नट खोला

सुरुवात आम्ही दोघा भावांनी केली. भाड्याची पत्र्याची शेड, दोन हायड्रॉलिक जॅक, पान्यांचा एक संच, एक घण आणि लाकडी ठोकळे, एवढंच भांडवल होतं. इंजिनाचं काम करणारे पुष्कळ होते. पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारी नळकांडी, यांचं काम मात्र कुणी हौसेने घेत नसे, कारण ते जड, मळकट आणि कंबरेचा काटा ढिला करणारं. आम्ही नेमकं तेच धरलं.

पहिली दोन वर्षं पाट्यांचीच गेली. मेन पाटा तुटलेला, पिनेभोवतीचे बुश झिजलेले, पाट्याचं टोक गाडीला जोडणारी शॅकल पिन गंजून बसलेली, अशा गाड्या यायच्या. दादाचा हात त्यात बसला होता. चाकांना ठोकळे लावायचे, चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, उचलून स्टँडवर टेकवायची आणि अॅक्सलखाली, म्हणजे चाकांच्या आसाखाली, वेगळा जॅक लावायचा. मग तो जॅक जरा वर, जरा खाली करत राहायचं. पाट्यावरचा ताण पूर्ण गेला की पिन हाताने हलू लागते. घणाने ठोकूनही जी पिन सुटत नाही, ती भार गेल्यावर दोन टिचक्यांत बाहेर येते. दादा मला सांगायचा, ‘पिन हलत नाही ना? मग अजून भार आहे. घण खाली ठेव.’ पाट्यांच्या बाबतीत आम्ही हे पाळत होतो. स्ट्रटच्या बाबतीत विसरलो.

छोट्या मालवाहू गाड्यांना पुढे स्ट्रट येतात. स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती दाबून बसवलेली गोल स्प्रिंग. ही रचना अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. हे काम आमच्यासाठी नवं होतं आणि गाडीवाला घाईत होता. दादाने दोन हुकांचा कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं अवजार, लावला. दोन्ही हुक एकमेकांसमोर बरोबर हवेत. ते जरा एका अंगाला होते. बोल्ट हाताने आलटून पालटून आवळण्याऐवजी आम्ही एअर गन लावली. स्प्रिंग एका बाजूला धनुष्यासारखी वाकली, ते मला दिसलंही. मी काही बोललो नाही. दादाने वरचा नट अर्धा फिरवला आणि हुक एक वेढा घसरला. वरचं माउंट, म्हणजे स्प्रिंगची वरची बैठक, नटासकट उडालं आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. हाड दोन ठिकाणी मोडलं.

आता नवीन मुलगा कामावर आला की मी त्याला पहिल्याच दिवशी एक हिशेब करायला लावतो. समजा, स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ३ किलोचा जोर लागतो. ती १५० मिलिमीटर दाबली, तर ४५० किलोचा जोर त्या हुकांवर उभा राहिला. तो सुटला, तर साधारण ३४ किलोचं वजन १ मीटर उंचीवरून पडावं, इतकी ताकद एका क्षणात मोकळी होते. दाबलेली स्प्रिंग समोर ठेवली तर अगदी शांत दिसते. हा आकडा स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय तिची भीती बसत नाही, आणि ती बसायला हवी.

दादाला पुढचे सहा महिने पाना धरता आला नाही. तो टेबलाशी बसला आणि डाव्या हाताने वहीत लिहू लागला. कुठली गाडी, काय बदललं, किती किलोमीटरवर आली, पुन्हा आली तर कशासाठी. आमच्या धंद्याला खरं वळण त्या वहीने दिलं असं मी मानतो.

वहीतून पहिली गोष्ट उघड झाली ती यू बोल्टची, म्हणजे पाटा अॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टची. आम्ही पाटे नवे घालत होतो आणि यू बोल्ट जुनेच पुन्हा वापरत होतो, कारण गाडीवाल्याला ते चांगले दिसायचे. यू बोल्ट ताणावर काम करतो. एकदा पुरता आवळला की तो किंचित लांबतो आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. शिवाय नवीन पाट्यांवरचा रंग दबतो, पाट्याच्या पट्ट्या एकमेकांवर बसतात आणि आवळलेला बोल्टही थोडा सैल पडतो. सैल यू बोल्टखाली पाटा मध्यभागी वाकू लागतो, आणि मध्यभागी सगळ्या पट्ट्या एकत्र ओवणाऱ्या सेंटर बोल्टचं भोक असल्याने तिथे तो सगळ्यात नाजूक असतो. म्हणून पाटा नेमका भोकातून तुटलेला आला, तर आम्ही पाट्याला दोष देण्याआधी यू बोल्ट बघतो. सेंटर बोल्ट तुटला तर अॅक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी धावते. मागून पाहणाऱ्याला ते कळतं, चालवणाऱ्याला कळेलच असं नाही.

तेव्हापासून पाटे उतरवले की यू बोल्ट आणि नट नवेच. गाडी चाकांवर उभी करून, ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे. रबरी बुशचे बोल्टही गाडी जमिनीवर आल्यावरच शेवटचे कसायचे. चाक लोंबकळत असताना कसले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि ते तसंच पिळलेलं राहून लवकर फाटतं.

गिऱ्हाईक तुटलं ते मुख्यतः दोन कारणांनी. ‘दादा, एकच बाजू करून द्या, दुसरी चांगली आहे,’ असं म्हणणारे खूप असतात. त्यांची अडचण मला समजते, गाडी उभी राहिली की कमाई थांबते. पण एका बाजूला नवी स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला दमलेली, अशी गाडी एका अंगावर झुकते आणि ब्रेक मारताना डगमगते. आम्ही जोडीनेच बदलतो. दुसरं कारण वेल्डिंगचं. तडकलेला पाटा जोडून द्या किंवा तापवून बाक वाढवून द्या, अशी मागणी येते. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेवर मऊ करून तयार केलेलं असतं. त्याला गॅसची ज्योत लावली की तेवढ्या जागेचा गुणच जातो. तिथून तो कधी तुटेल सांगता येत नाही, आणि तुटेल तेव्हा गाडी भरलेली असेल. एका मोठ्या वाहतूकदाराच्या सगळ्या गाड्या या एका नकारामुळे दुसरीकडे गेल्या. ते वर्ष आम्हाला फार जड गेलं.

स्ट्रटचं काम आम्ही मधे बंदच ठेवलं होतं. जमिनीत रोवलेला, भोवती जाळीचा पिंजरा असलेला कॉम्प्रेसर घेतला, तेव्हाच पुन्हा सुरू केलं. आता स्प्रिंग खालच्या-वरच्या बैठकीतून सैल होऊन हाताने फिरली, तरच नटाला पाना लागतो. स्प्रिंगच्या सरळ रेषेत कुणी उभं राहत नाही. खोलण्याआधी माउंट आणि स्प्रिंगच्या टोकाच्या जागेवर खडूची खूण होते, म्हणजे बसवताना टोक खाचेत नेमकं बसतं. शॉकअपचा दांडा पकडीने धरायला सक्त मनाई आहे. त्यावर ओरखडा पडला की सील फाटतं आणि नवा शॉकअपसुद्धा तेल गाळू लागतो. ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी, ताणून लोंबकळू द्यायचा नाही, तो बांधून घ्यायचा. काम झालं की चाकांचं अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी देत नाही.

हल्ली पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर भार तोलणाऱ्या गाड्या येतात. तिथे आधी सगळी हवा सोडायची आणि चेसिसला पक्का आधार द्यायचा. त्याशिवाय खाली कुणी शिरायचं नाही. नियम नवा नाही. दादाचं पिनेचं वाक्य तिथेही चालतं.

दादाचं मनगट अजून थंडीत दुखतं. जड पाना तो उचलत नाही, पण वही त्याच्याकडेच आहे. आता तिचे अकरा खंड झालेत. रोज संध्याकाळी तो पाने चाळतो आणि ज्यांचे पाटे नुकतेच बदललेत त्या चालकांना फोन लावतो. ‘पाचशे किलोमीटर झाले का? मग भरलेली गाडी असली तरी चालेल, उद्या इकडून घ्या. यू बोल्ट पुन्हा आवळायचेत, दहा मिनिटांचं काम आहे.’