माफी मागण्याआधी आणि मागितल्यावर

मैदान, घंटा आणि स्नेहसंमेलन यांच्यावर लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील. म्हणून मी शास्त्रपाठाच्या, म्हणजे शाळेतल्या बायबलच्या, तासाविषयी लिहितो. गुणपत्रिकेत त्या तासाला फारशी किंमत नव्हती. पण पश्चात्ताप आणि क्षमा हा विषय बाईंनी जितका पद्धतशीर शिकवला, तितका व्यासपीठावरून क्वचितच ऐकायला मिळतो. त्या शिकवणीत पुढच्या वाचनाची भर घालून इथे मांडतो.

सुरुवात येशूचे शिष्य यहूदा आणि पेत्र यांच्या तुलनेने व्हायची. एकाने गुरूला, म्हणजे येशूला, धरून दिलं, दुसऱ्याने त्याच रात्री त्याला तीनदा नाकारलं. वाईट दोघांनाही वाटलं. यहूदाने तर त्याबदल्यात मिळालेली 30 नाणी परत केली आणि चूकही बोलून दाखवली, पण तिथून तो एकटाच निघून गेला. पेत्र ढसाढसा रडला आणि तरीही शिष्यांमध्येच राहिला. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (7:10) हाच भेद आहे: एक दुःख माणसाला देवाकडे वळवतं, दुसरं मरणाकडे नेतं. म्हणून चूक झाल्यावर कुणी लाजेने उपासनेला यायचं बंद केलं, तर ‘बिचाऱ्याला किती लागलंय’ म्हणून समाधान मानू नये. त्याच्या घरी जावं.

कबुली देताना बहुतेकांचं वाक्यच चुकतं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात दोष ऐकणाऱ्याच्या मनाचा ठरतो. ‘चुकलं, पण तूही...’ यात ‘पण’च्या आधीचं सगळं पुसलं जातं. नीट कबुलीत कृत्याचं नाव असतं आणि कर्ता ‘मी’ असतो: ‘तू विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दोघांना सांगितली. माझं चुकलं. त्या दोघांकडे जाऊन मी तसं सांगतो.’ एवढं बोलून गप्प बसायचं. ‘मग केलंस ना माफ?’ असं लगेच विचारणं ही वसुली झाली.

वरच्या उदाहरणातलं शेवटचं वाक्य भरपाईचं आहे आणि नेमकं तेच गाळलं जातं. बायबलच्या सुरुवातीच्या पुस्तकांत, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, ती आकड्यांत आहे. लबाडीने घेतलेली वस्तू पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा (लेवीय 6), म्हणजे 100 घेतले असतील तर 120. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकाला 4, बैल असेल तर एकाला 5 (निर्गम 22). येशूला भेटलेला जकातदार जक्कय स्वतःहून चौपट द्यायला तयार झाला, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. हा दर आज कुणी लावत नाही, पण उसने घेतलेले पैसे बुडवून नुसती प्रार्थना करणाऱ्याने हे अध्याय वाचावेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातला (5:23-24) क्रमही स्पष्ट आहे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायचा. म्हणूनच प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आदल्या दिवशीच जाऊन भेटलेलं बरं; चर्चच्या दारात घाईने हात मिळवून काही मिटत नाही.

कॅथलिक परंपरेत धर्मगुरूपुढे पापनिवेदन असतं. वर्षातून किमान एकदा ते करावं, हा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. तिथे ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही. पापमुक्ती मिळाली म्हणून भरपाई मात्र सुटत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) बहुधा सगळे मिळून पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणतात. त्यात एक सोय अशी, की ‘आम्ही’च्या आड ‘मी’ आरामात लपतो!

आता क्षमा करणाऱ्याची बाजू. मत्तय 18 मधल्या दाखल्यात (येशूच्या बोधकथेत) एका दासाचं 10,000 तालांतांचं कर्ज माफ होतं, आणि तोच 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार ही एका दिवसाची मजुरी. तालांत साधारण 6,000 दिनारांचा. म्हणजे सोबत्याचं देणं तीन-चार महिन्यांत फिटलं असतं, दासाचं दीड लाख वर्षांतही नाही. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गात चुळबूळ थांबायची.

पण क्षमा म्हणजे दोष झाकणं नव्हे. त्याच अध्यायात आधी एकांतात दोष दाखवायला, मग एक-दोन साक्षीदार न्यायला आणि शेवटी मंडळीला सांगायला सांगितलं आहे. आपण नेमकं उलटं करतो, आधी सगळ्यांना सांगतो. क्षमा आणि विश्वास यांचीही गल्लत होते. दानपेटीतले पैसे उचलणाऱ्याला आज क्षमा करता येते. पेटीची किल्ली पुन्हा त्याच्या हाती द्यायची की नाही, हा प्रश्न वेगळा. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत जा’ असा सल्ला देणारे तर वचनाचा गैरवापर करतात. गुन्ह्याची तक्रार करूनही क्षमा करता येते.

ज्याचं नुकसान केलं तो हयातच नसेल तर? गणना 5 मध्ये त्याचीही तरतूद आहे: भरपाई जवळच्या नातलगाला द्यायची, नातलग नसेल तर ती परमेश्वराची म्हणून याजकाकडे जाते. आजच्या व्यवहारात आधी वारसाचा शोध घ्यावा आणि तो मिळाला नाही तर ती रक्कम गरजूंना द्यावी, पावतीवर स्वतःचं नाव न घालता.